‘अनाम’ रानफुलं आणि ‘ओसाड’ माळ

मराठी ललित गद्यात ‘अनाम’ हा शब्द दिसला की मी पेन्सिलीने त्याला गोल करते. गेल्या चार-पाच वर्षांत असे पुष्कळ गोल जमलेत. प्रसंग साधारण एकच असतो. लेखक डोंगरवाटेने निघालाय, पाऊस नुकताच उघडलाय आणि वाटेच्या कडेला ‘इवलीशी अनाम रानफुलं’ वाऱ्यावर डोलतायत. पुढच्या वाक्यात निसर्गाच्या निरपेक्ष दानाबद्दल काहीतरी येतं आणि लेखक घाट चढायला लागतो. त्या फुलाला नाव होतं. जवळच्या वस्तीवर कुणाला तरी ते माहीत होतं, आणि बहुधा शंभर वर्षांपूर्वी छापूनही आलं होतं. विचारायचं राहिलं, एवढंच.

एवढ्यावर चिडण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. मी कारेगावात राहते, म्हणून चिडते. कारेगाव शिरूर तालुक्यात, पुणे-नगर रस्त्यावर, रांजणगावच्या महागणपतीच्या शेजारी. इथे एमआयडीसी आहे, भाड्याच्या खोल्यांच्या रांगा आहेत, शिफ्ट सुटल्यावरची गर्दी आहे, आणि कंपन्यांच्या कुंपणांमागे जिथे अजून प्लॉट पडलेले नाहीत तिथे माळ आहे. सह्याद्री पाऊस अडवतो. आमच्यापर्यंत उरलासुरला येतो. या माळाला दोन विशेषणं ठरलेली आहेत. साहित्यात तो ‘ओसाड’ आणि सरकारी कागदावर ‘पडीक’. ‘अनाम’ फूल आणि ‘ओसाड’ माळ हे शब्द एकाच घरातले आहेत, आणि आपल्याकडच्या निसर्गलेखनाने ते घर सांभाळलंय, असं माझं म्हणणं आहे. त्यातल्या चांगल्या पुस्तकांनीसुद्धा.

सगळ्यात चांगल्यापासूनच सुरुवात करते. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ 1956 सालचं. बघायला शिकवणारं याच्याइतकं चांगलं मराठी पुस्तक माझ्या वाचनात नाही. चैत्रापासून एकेक महिना घेऊन ते चालतं, आणि त्याची खरी कमाई म्हणजे वेळ. झाड एकदा बघून चालत नाही, तेच झाड बारा महिने बघावं लागतं, पालवी, फूल, फळ, पानगळ या एकाच गोष्टीच्या पायऱ्या आहेत, हे त्या पुस्तकाने मराठी वाचकाला समजावलं. दुर्गाबाई नावंही घेतात. ‘अनाम’चा दोष त्यांच्याकडे जात नाही. तो त्यांच्यामागून आलेल्यांचा आहे. त्यांनी दुर्गाबाईंची धुंदी उचलली आणि निरीक्षण तिथेच ठेवलं.

तरीही कारेगावात बसून ‘ऋतुचक्र’ वाचताना मला एक गोष्ट खुपते. त्या पुस्तकाचा नायक झाड आहे. उंच, पर्णसंभार असलेलं, आकाशाची पार्श्वभूमी असलेलं झाड. गुडघ्याखालची सृष्टी त्यात येते, पण झाडाच्या मानाने गौण होऊन. आणि आमच्याकडे तर जे काही आहे ते बहुतेक गुडघ्याखालीच आहे. हिवर, बाभूळ, बोर सोडले तर इथे वर बघण्यासारखं थोडं आणि खाली वाकण्यासारखं फार.

याच 1956 सालातली दुसरी नोंद बघा. आर. एस. राव यांनी ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या जर्नलमध्ये पुण्यात सापडलेल्या एका परक्या तणाची बातमी दिली: पार्थेनियम. पुढे ते देशभर पसरलं, आमच्या माळावर आणि रस्त्याकडेला तर किती पसरलं ते सांगायला नको. तण नवं, परदेशी, कुणाच्या आजीने न पाहिलेलं. तरी लोकांनी त्याला अनाम राहू दिलं नाही. पानं गाजरासारखी म्हणून गाजर गवत, पांढऱ्या फुलांना टोप्या समजून काँग्रेस गवत (असं सांगतात तरी), आणि कुणीतरी भलत्याच रसिक माणसाने म्हटलं, चटकचांदणी. अंगाला खाज आणणाऱ्या तणाला हे नाव! नाव ठेवायची ताकद या भाषेत होती आणि आहे. लेखकाच्या हातात पेन आल्यावर ती कुठे जाते, हा माझा प्रश्न आहे.

नावं छापून आली होती असं मी वर म्हटलं, ती कुठे? थिओडोर कुक नावाचा माणूस पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचा, म्हणजे आजच्या सीओईपीचा, प्राचार्य होता. निवृत्तीनंतर त्याने ‘द फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ लिहिला, 1901 ते 1908 या काळात तो भागाभागाने निघाला. तो आता फोनवर फुकट वाचता येतो. चित्र एक नाही. पान असं, देठ तसा, पाकळ्या इतक्या, केस आहेत की नाहीत, बस. पण बऱ्याच नोंदींत एक ओळ देशी नावांची असते आणि खाली वनस्पती कुठे, कुणाला सापडली ते. तिथे वुडरो, स्टॉक्स, डालझेल अशा साहेबांच्या जोडीला कानिटकर येतात, गराडे येतात आणि भिवा येतो. आडनाव नाही, हुद्दा नाही. नुसतं ‘भिवा’ आणि पुढे उद्गारचिन्ह. वनस्पतिशास्त्राच्या रिवाजात त्या चिन्हाचा अर्थ असा की, या माणसाने गोळा केलेला नमुना लेखकाने स्वतः डोळ्यांनी पाहिलाय. मला विचाराल तर कुकच्या हजारो ओळींमधलं सर्वांत जिवंत वाक्य हेच आहे: पुण्याचं आसपास, भिवा! आपल्या ललित लेखकाला जे फूल अनाम वाटतं, ते भिवाने कागदात दाबून, चिठ्ठी लावून कधीच पोहोचतं केलंय.

कुकचा दोष उघड आहे. तो वाचायला अशक्य आहे. इंग्रजी, त्यात लॅटिनची फोडणी. त्यामुळे आपण सगळे फोटोंच्या पुस्तकांकडे गेलो, आणि बरंच झालं. श्रीकांत इंगळहळीकरांचं ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ 2001 साली आलं. भटक्यांच्या पाठपिशवीत फुलांचं पुस्तक जायला लागलं, यात अशा पुस्तकांचा वाटा मोठा आहे. माझा आक्षेप त्या पुस्तकावर नाही. त्यानंतर जे एकसुरी पेव फुटलं त्यावर आहे. त्यात फूल म्हणजे सह्याद्रीचं, सह्याद्री म्हणजे पावसाळा आणि पावसाळा म्हणजे कास. 2012 साली कास पठार जागतिक वारशाच्या यादीत गेल्यावर तर सप्टेंबर सोडून महाराष्ट्रात फुलं उमलतच नसावीत असं वाटायला लागलं. घाटमाथ्यापासून पूर्वेकडे निघालात की साधारण वाघोली ओलांडताच पुस्तकं संपतात.

या पुस्तकांमध्ये आणखी एक खोट आहे. ती फुलाचा चेहरा दाखवतात, पासपोर्टच्या फोटोसारखा. पण आमच्या माळावरची वनस्पती वर्षातले दहा महिने फुलाशिवाय असते. मे महिन्यात तुमच्यासमोर एक काटकी, एक वाळकी शेंग आणि मोज्यात अडकलेलं कुसळ आहे. आता ओळखा.

इथे जरा लांब जाते, पण मुद्द्यासाठीच. युरोप, अमेरिका, जपान इथल्या थंड जंगलांत हिपॅटिका नावाची वीतभर उंचीची वनस्पती असते. बर्फ वितळतं आणि झाडांना अजून पालवी फुटलेली नसते, त्या मधल्या काही आठवड्यांच्या उजेडात ती निळी, गुलाबी, पांढरी फुलून घेते. जपानीत तिला ‘युकिवारिसो’ म्हणतात, म्हणजे बर्फ फोडणारं रोप. तिथे तिचे शेकडो प्रकार जोपासतात. ती कारेगावात जगणार नाही. हौसेने कुणी बी मागवू नका. मला तिच्यावरचं लेखन वाचायला आवडतं, कारण ते लिहिणारी माणसं फुलाआधी पानाबद्दल बोलतात. नावच पानावरून आहे. तीन भागांचं, मागून जांभळट पान यकृतासारखं दिसतं म्हणून ग्रीक ‘हेपार’वरून हिपॅटिका. पानाच्या पाळ्या गोलसर की टोकदार, यावरून अमेरिकेतल्या दोन जाती वेगळ्या काढतात. फूल पंधरवडाभराचं, पान वर्षभराचं. ओळख पानावर ठेवली की माणूस वर्षभर त्या रोपापाशी जात राहतो. आधी कुठल्या झाडाखाली सावली हवी, पाणी कुठे साचू द्यायचं नाही, बी किती ताजं पेरायचं, हे सगळं त्या वाकण्यातून येतं. तिथलं बागकामाचं लेखन असं दुर्गाबाईंचा वेळ आणि कुकची काटेकोर नजर एकत्र आणतं. आपल्याकडे ही दोन पुस्तकं दोन वेगळ्या कपाटांत राहिली.

पानात यकृत दिसलं म्हणून युरोपात पूर्वी हिपॅटिका यकृताच्या दुखण्यावर देत. आकार हीच देवाची चिठ्ठी, असा समज. हसायला नको. आपल्याकडे कळलावी आहे. तिचा कंद बाळंतपणाच्या कळा आणतो म्हणून हे नाव, आणि त्या कंदात कोल्चिसिन नावाचं जहाल विष आहे. नाव कधी कधी औषधाची चिठ्ठी असते आणि ती चुकीचीही असू शकते. म्हणून लोकांनी ठेवलेलं प्रत्येक नाव शहाणंच असतं, असं मी म्हणत नाही.

बर्फ फोडणाऱ्या रोपासारखं आमच्याकडे काही आहे का? आहे. पहिला पाऊस पडतो आणि गवत अजून उंच झालेलं नसतं, तेवढ्या दोन-तीन आठवड्यांत जमिनीतले कंद घाईघाईने फुलून घेतात. काळी मुसळीचं पिवळं चांदणं थेट मातीला टेकलेलं, रानकांद्याची नातलगं, कुठे दीपकाडी. दीपकाडी हे नाव मला फार आवडतं. वनस्पतिशास्त्रातलं ‘डिपकडी’ हे प्रजातीचं नाव मराठी तोंडात पडून दिवा आणि काडी झालं असावं असं मला वाटतं. पण वाटू द्या, नाव चपखल बसलंय. उजेडाच्या फटीत उमलायचं गणित तेच. तिथे छत झाडांचं, इथे गवताचं. हे सांगणारं मराठी पान मात्र मला अजून भेटायचंय.

आता माळावरची एक खरी गोष्ट. बोरीच्या काटेरी जाळीत, शेळीचं तोंड पोहोचणार नाही अशा जागी, चौकोनी करड्या-हिरव्या कांड्या उभ्या असतात. पान नाही, फूल नाही. फोनमधल्या एका ॲपने मला ते बागेतलं कुठलंसं निवडुंग असल्याचं सांगितलं. मेंढरं घेऊन आलेल्या एका मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, “माकडशिंगी हाय ती. ल्हानपनी आमी मोडून खायचो. जरा कडू लागती, पन तहान ऱ्हाती.” मग थांबून, “तू नको खाऊ, तुला झेपायची न्हाई.” ही कॅरालुमा. रुईच्या कुळातली, निवडुंगाशी काही संबंध नसलेली. शहरात वजन घटवायच्या कॅप्सूलच्या डबीवर ‘कॅरालुमा फिम्ब्रियाटा’ छापलेलं असतं, ती हीच. म्हणजे भूक-तहान मारणारी म्हणून मावशींना माहीत, भूक मारणारी म्हणून औषधवाल्याला माहीत, आणि आपल्या निसर्गलेखकाच्या दृष्टीने तिथे फक्त ‘काटेरी झुडपं’.

याच माकडशिंगीची एक सख्खी नातेवाईक आमच्याच जिल्ह्यात जुन्नरच्या कड्यांवर आहे. डालझेलने 1864 साली तिचं वर्णन केलं आणि तेव्हाचा मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रियर याच्या नावाने तिला ‘फ्रेरिया इंडिका’ केलं. मराठीत शिंदळ माकुडी. महाराष्ट्राबाहेर ती रानात कुठेच नाही. तिच्या गोतावळ्यातल्या इतरांची पानं नाममात्र, हिला पावसाळ्यात चांगली मांसल पानं येतात आणि उन्हाळ्यात गळून जातात. फूल गडद लालसर तारा, वर पिवळे ठिपके. शास्त्रज्ञांनी पुढे तिला एका प्रजातीतून दुसऱ्या प्रजातीत हलवलं. हिपॅटिकाबद्दलही ती ॲनिमोनीत मोजायची की वेगळी, हा वाद लिनियसपासून चालू आहे. माकुडीची गंमत वेगळीच आहे. कड्यावर ती दुर्मीळ, पण जगभरच्या हौशी लोकांच्या कुंड्यांत ती सुखाने वाढते, कारण तिची फांदी लागते. तोडलेलं टोक काही दिवस सावलीत वाळू द्यायचं, मुरमाड-खडीच्या मिश्रणात खोचायचं आणि पाण्याचा हात आखडता ठेवायचा. दयेपोटी रोज पाणी घालणारा माणूस तिला कुजवतो. अर्थात कुंडीसाठी फांदी कुंडीतलीच घ्यायची. कड्यावरून उपटून आणणारा हौशी आणि शेळी यांत शेळी बरी, तिला निदान भूक असते.

सांगायचं असं की नाव मिळाल्यावर काम सुरू होतं, संपत नाही. ‘शंखपुष्पी’ घ्या. आमच्या माळावर सरपटणारी, रेशमी केसांच्या बारीक पानांची, सकाळी निळी इटुकली फुलं उघडणारी विष्णुक्रांत. तिला शंखपुष्पी म्हणतात. उत्तरेकडच्या औषधांत जी शंखपुष्पी वापरतात ती बहुधा दुसरीच, कॉन्व्हॉल्व्ह्युलस. आणि केरळात शंखपुष्पम म्हणजे आपली कुंपणावरची गोकर्ण. एक नाव, तीन वनस्पती, आणि स्मरणशक्तीच्या बाटलीवर चौथंच चित्र. म्हणून नाव विचारताना ‘इथे’ हा शब्द जोडावा लागतो: इथे याला काय म्हणता? कुक जागेचं नाव का लिहीत होता ते अशा वेळी कळतं. आणि ॲप का घसरतं तेही. त्याला जिथले फोटो जास्त भेटले तिथलं ते सांगणार. कारेगावच्या माळाचे फोटो काढायला कोण येतंय?

फूल अनाम राहिलं म्हणून काय बिघडतं, या प्रश्नाचं उत्तर साहित्यात मिळत नाही, नकाशात मिळतं. केंद्र सरकार 2000 सालापासून ‘वेस्टलँड ॲटलस’ काढतं. त्यात खुरट्या झुडपांची जमीन हा पडीक जमिनीचाच एक वर्ग आहे. म्हणजे पवना, मारवेल, कुसळी, तरवड, माकडशिंगी आणि त्यांच्यावर जगणारे ससे, लांडगे, चंडोल हे सगळं मिळून ‘वेस्ट’. मग त्यावर दोन उपाय: प्लॉट पाडा, नाहीतर झाडं लावा. 2019 साली राज्याने 33 कोटी वृक्षलागवडीचा संकल्प केला. मोहिमांसाठी जागा लागते आणि माळ सदैव ‘रिकामा’ असतो. गिरीपुष्पाची रोपं गवतात खड्डे काढून लावली की फोटो हिरवा येतो. गवत जातं, मेंढपाळाची चराई जाते, पण ते गेलं हे कळायला आधी ते होतं हे माहीत असावं लागतं. इथे मी मराठी निसर्गलेखनाला थोडा जाब विचारते. झाडालाच निसर्ग मानायची जी सवय त्याने आपल्याला लावली, ती खड्डे काढणाऱ्यांच्या मनातही आहे. ते वाईट लोक नाहीत. त्यांनी बहुधा ‘ऋतुचक्र’ वाचलेलं असेल.

माळावर लिहिणारे मोठे लेखक आपल्याकडे झाले. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त 1955 साली माणदेशातला धनगरांचा मुलूख उभा राहिला. पण त्या वाटेने वनस्पतींवर लिहिणारे पुढे आले नाहीत. निसर्गलेखक डोंगराकडे गेले आणि ग्रामीण लेखक माणसांकडे. मधलं गवत कुणाच्याच वाट्याला आलं नाही. अपवाद पक्ष्यांचा. माळढोकाच्या नावातच माळ आहे, आणि तो जवळजवळ संपल्यावर का होईना, त्याच्यावर बोललं गेलं. त्याच्या पायाखालच्या गवताचं नाव किती जणांना सांगता येईल?

मला हवं असलेलं पुस्तक फार अवघड नाही. त्यात मे महिन्याचं प्रकरण सर्वांत मोठं असावं. फुलाचा फोटो शेवटी यावा. आधी काटकी, शेंग, कुसळ. उदाहरणार्थ कुसळी: तिच्या बियांचं काळपट, पिळलेलं शेपूट ओलाव्याने उलगडतं, वाळलं की पुन्हा पिळतं आणि त्या फिरण्याने बी जमिनीत स्वतःला खुपसून घेतं. मोजा आणि माती यांतला फरक तिला कळत नाही. जिथे कुसळी माजलीय आणि पवना दिसेनासा झालाय, तिथे चराई फार झाली असं समजायचं, कारण गुरांना पवना आवडतो. एवढं कळलं तरी तुम्ही माळाचा मागच्या काही वर्षांचा इतिहास वाचलात.

किंवा तरवड. घटस्थापनेला घटाच्या माळेत ज्याची पिवळी फुलं गुंफतात तो. आमच्याकडे नवरात्राच्या आदल्या दिवशी पोरं पिशव्या घेऊन माळावर जातात, म्हणजे वर्षातून एकदा तरी तो माळ कुणाला ओसाड वाटत नाही. साल कातडी कमावायला वापरत, म्हणून इंग्रजीत त्याला चांभाराचा कॅशिया म्हणतात. गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून सगळं खाऊन झाल्यावरही तो हिरवा उभा असतो. मे महिन्यात ओळखायचा तर चपट्या, कागदासारख्या तपकिरी शेंगा बघायच्या. आत बियांचे आडवे कप्पे बोटाला लागतात. रांजणगाव एमआयडीसीच्या कुंपणांच्या आतल्या बाजूला लॉन आहे आणि बाहेरच्या बाजूला, जाळीला खेटून, तो आहे. वारा सुटला की शेंगा वाजतात.